आत सरकलेली लेन्स

सूर्य समोर होता, तरी फोटोतली नाव काळीभोर आली होती. इझिकेलने फोटो खिडकीपाशी नेला, चष्मा कपाळावर चढवला आणि डावा डोळा कागदाला जवळजवळ टेकवला.

"माझी लेन्स असं करत नाही."

"कसं करत नाही?" जोनाथनने चहात पाव बुडवला.

"उन्हाकडे तोंड केलं की ती सगळीकडे दूध सांडल्यासारखं करते. महायुद्धाच्या आधीची लेन्स आहे, चमक अडवणारं कोटिंग नाही तिला. तुला काय सांगायचं?"

"कडक कागदावर छापला मी, म्हणून काळं उठलं. लीयावहिनी, ह्याला फोटो चांगला आला तरी रडायला येतं बघा."

"जन्माचंच आहे ते," लीया म्हणाली आणि तिने जोनाथनच्या कपात आणखी चहा ओतला.

इझिकेल आणि जोनाथन भायखळ्याला शेजारी होते, आता इस्रायलात अश्दोदलाही एकाच शिकूनमध्ये, म्हणजे सरकारी वसाहतीत, समोरासमोर राहत. दोघांकडे जुने रेंजफाइंडर कॅमेरे होते. दर शुक्रवारी सकाळी दोघे समुद्रावर जात, जवळजवळ उभे राहून तेच कोळी, त्याच नावा टिपत आणि कुणाच्या लेन्समध्ये काय गोडवा आहे यावर भांडत घरी येत. जोनाथनची लेन्स नवी होती. इझिकेल तिला "डॉक्टरीणबाई" म्हणायचा, सगळं स्पष्ट सांगणारी. रोल धुणं, छापणं जोनाथनच्या न्हाणीघरात चालायचं.

हिवाळ्यापासून इझिकेलच्या उजव्या डोळ्यावर पडदा आला होता. कॅमेऱ्याच्या खिडकीत दिसणाऱ्या दोन प्रतिमा एकमेकींवर बसल्या म्हणजे फोकस झाला. आता त्या बसल्या की नाही, हे तो अंदाजाने ठरवायचा. तरी फोटो मात्र पूर्वीपेक्षा लख्ख येत होते.

येत्या मंगळवारी नात रूतीची मेंदी होती. मुलगा यिगाल तेल अवीवचा फोटोग्राफर ठरवायला निघाला होता. रूतीनेच त्याला अडवलं. "साबाच काढणार," ती आजोबांना बिलगत म्हणाली. इझिकेलचे ताजे फोटो पाहून यिगालनेही मान हलवली. "बेसेदेर, अब्बा. तुम्हीच काढा."

जोनाथन गेल्यावर इझिकेलने फोटो पुन्हा खिडकीपाशी नेऊन पाहिला.

"लीया, हे फोटो माझे नाहीत."

"म्हणजे?"

"जोनाथन स्वतःचे देतो मला. माझे बिघडत असतील, म्हणून."

"काहीतरीच! त्याला काय पडलंय?"

"दया आली असेल. डोळा गेला असेल तर गेला, मी बाजूला होईन. पण पोरीची मेंदी पुन्हा होणार नाही. मला खरं कळलं पाहिजे. खोटं तेवढं कुणी सांगू नये."

मग त्याने तिला आपला बेत सांगितला. त्याची लेन्स मिटणारी होती. वापर नसताना ती कॅमेऱ्यात ढकलून ठेवायची, फोटो काढताना ओढून बाहेर घ्यायची. ओढायची राहिली, तर खिडकीतून सगळं ठीकच दिसतं, कारण खिडकी वेगळी आणि लेन्स वेगळी. रोलवर मात्र नुसतं धुकं येतं.

"जोनाथनला उद्या भाच्याकडे पेताह तिक्वाला जायचंय. मी एकटाच जाईन, लेन्स आत ठेवून रोल संपवीन. रविवारी त्याने लख्ख फोटो आणले, की समजायचं."

"आणि धुकं आणलं तर?"

"तर मी पाजी माणूस. इतक्या वर्षांच्या दोस्तावर संशय घेतला. बोलू नकोस कुणाला."

"मी कशाला बोलतेय?"

शुक्रवारी तो समुद्रावर गेला. कोळी जाळी झटकत होते. त्याने खिडकीतून पाहिलं, प्रतिमा जुळवल्या, बटण दाबलं. रोल संपवून दुपारी, शब्बातचा विश्रांतीचा वार लागायच्या आत, त्याने तो पेताह तिक्वाहून परतलेल्या जोनाथनकडे पोचवला.

रविवारी संध्याकाळी जोनाथन दारातूनच ओरडत आला.

"अरे बाबा, लेन्स ओढायला विसरलास की काय? बघ, काय केलंयस!"

त्याने टेबलावर फोटो पसरले. सगळे धुक्याचे होते. कुठे नावेसारखं काही, कुठे उभ्या माणसासारखं.

लीयाने पदराने कपाळ पुसलं. "बघा! आता तरी पटलं?"

"हे माझ्याच रोलमधले ना, जोनाथन?" इझिकेलने विचारलं.

"मग कुणाच्या?"

"एलियाहू हन्नाबीची शपथ घे."

"अहो, शपथा कसल्या घालता?" लीया मध्येच म्हणाली.

"घेतो की! एलियाहू हन्नाबीची शपथ, तुझेच आहेत. झालं समाधान?"

इझिकेलने एकेक फोटो उचलला, डाव्या डोळ्याशी नेला आणि खाली ठेवला. घाई केली नाही. शेवटी गठ्ठा नीट जुळवून जोनाथनच्या हातात दिला.

"चांगलं छापतोस," तो म्हणाला.

"आता मंगळवारी असा घोळ घालू नकोस म्हणजे झालं," जोनाथन हसत म्हणाला. "मी असेनच शेजारी."

"लीया, यिगालला फोन कर. तेल अवीवचा माणूस बोलाव म्हणावं."

लीयाच्या हातातली बशी तशीच राहिली. "का? आता तर सिद्ध झालं ना! आधीचे सगळे फोटो तुमचेच होते."

इझिकेल उठला आणि कॅमेरा कपाटात ठेवून आला. लेन्स आत ढकलण्याचा बेत त्याने फक्त लीयाला सांगितला होता. पण परवा समुद्रावर त्याने लेन्सवरचं झाकण एकदाही काढलं नव्हतं, रोलवर धुकंसुद्धा उठणार नव्हतं, हे मात्र त्याने तिलाही सांगितलं नव्हतं.