पेल्यात अडकलेला पेला

मी हातोडा उगारला तशी बायको ओरडली, “अहो, फुटेल ना ते!”

महिनाभर आमच्या स्वयंपाकघरात जुन्या स्कूटरचं इंजिन उघडं पडलं होतं. दोनपैकी पहिलंच बेअरिंग केसिंगमध्ये, म्हणजे इंजिनाच्या बाहेरच्या कवचात, बसेना. केसिंग फुटलं तर नवीन कुठून आणणार? पण रोज ‘भंगार, भंगार’ करणारी ही बाई आता मला शिकवणार!

“पेल्यात पेला अडकला की काय करते मी? आतल्यात गार पाणी, बाहेरून गरम.”

तिनं बेअरिंग फ्रीजरमध्ये ठेवलं, तासाभरानं केसिंग तव्यावर तापवलं. मी बेअरिंग नुसतं त्याच्या खाचेवर धरलं. टप्पकन आत जाऊन बसलं! मी चक्क शिट्टी मारली.

“भंगारच ते,” ती पुटपुटली.

सकाळी दुधाची पिशवी काढायला फ्रीजर उघडला. मटारच्या पिशवीशेजारी दुसरं बेअरिंग आधीच ठेवलेलं होतं.