हरकत

विडी कामगार अंबुबाई बोल्ली तक्रार घेऊन सोलापूरच्या कार्यालयात आल्या आणि दारातच थबकल्या. सहापैकी पाच टेबलं रिकामी होती.

"बाकीचे कुठं गेले, मॅडम?"

"कमी केलं त्यांना," हेमलता म्हणाली. कामगारांच्या हक्कांसाठी देशोदेशी लढणाऱ्या त्या संस्थेत आता इथे ती एकटीच उरली होती.

"मग तुमच्यातलं कुणी बोललं नाही?"

संस्थेच्या संचालक मंडळावर कर्मचाऱ्यांची प्रतिनिधी हेमलताच होती. ऑनलाइन बैठकीत अध्यक्षांनी "कुणाची हरकत?" असं विचारलं, तेव्हा स्वतःच्या नोकरीच्या भीतीनं तिनं माईक बंदच ठेवला. त्या दिवसापासून पाचांपैकी एकानंही तिचा फोन उचलला नव्हता.

"मी बोलायला हवं होतं," ती म्हणाली.

"हे मला सांगून काय उपयोग?" अंबुबाई शांतपणे म्हणाल्या.

संध्याकाळी हेमलता त्या पाचांतल्या शैलजाच्या घरी गेली. दोघींनी अकरा वर्षं डबा एकत्र खाल्ला होता. दार सासूबाईंनी उघडलं.

"ती घरी नाही."

आतून शैलजाचा ओळखीचा खोकला ऐकू आला.

"मग थांबते मी," हेमलता म्हणाली आणि पायरीवर बसली.