दुसरं बटण

आमच्या जुन्या गाडीच्याच महागड्या कंपनीची चार नवी मॉडेलं बाबांनी आठवडाभरात चालवून पाहिली. एक बुटकं, एक बोजड, एकाचा म्हणे आवाजच येत नाही.

"काका, हे तर सगळ्यात वरचं," शोरूमवाला काकुळतीला आला. "सीटसुद्धा माणूस लक्षात ठेवते. पहिलं बटण तुमचं, दुसरं घरातल्या कुणाचं."

बाबांनी दुसरं बटण दाबलं. सीट ढिम्म.

"नवी आहे ना, अजून कुणाचं माप भरलेलं नाही."

बाबा लगेच उतरले.

"आपल्या खटाऱ्यात असं काय आहे हो, बाबा?" मी वैतागलेच.

बाहेर येऊन त्यांनी जुन्या गाडीतलं दुसरं बटण दाबलं. सीट पुढे पुढे सरकत गेली, त्यांचे गुडघे स्टिअरिंगला टेकले.


गेल्या वर्षी गेलेल्या माझ्या ठेंगण्या आईचे पाय तिथूनच ब्रेकला पोचायचे.