ठकुबाईची हाक

मार्गशीर्षातच वैशाखासारखं ऊन पडून पठारावरचं गवत करपलं. उपग्रहाला हिरवं दिसत होतं ते दूरच्या डोंगरमाथ्यावर, आणि मधला तापलेला माळ माणसाला झेपणारा नव्हता. म्हणून गायींच्या गळ्यातले स्पीकर बसवलेले पट्टे त्यांना राखणाऱ्या ठकुबाईच्या आवाजात "जा" म्हणत. पण तो आवाज ऐकला की गायी उलट तिच्याकडेच धावत येत.

"आत्या, जरा रागावून म्हणा," सून नंदानं आवाज भरायला फोन पुढे धरला.

"जन्मभर 'ये' म्हणत आले गं. 'जा' त्यांना कुठनं कळणार? हाक डोंगराकडून ऐकू येईल असं कर."

पट्ट्यातला डोंगराकडच्या बाजूचाच स्पीकर वाजेल, असं नंदानं फोनवरून लावलं.

"ये गं मोरे, ये!" ठकुबाईनं फोनात हाक घातली.

मोरीनं कान टवकारले, आणि सगळा कळप तिच्यामागून डोंगराकडे सुटला. पाठमोऱ्या शेपट्या दिसेनाशा होईपर्यंत ठकुबाई बोलावतच राहिली, "ये, बाई, ये."