रायाजीचा बेलभंडार

“खेळात शब्द मोडता आलाच पाहिजे,” असं गेम कंपनीच्या करंदीकर सरांनी बजावलं होतं. तरी मृणालिनीने ती बनवत असलेल्या लढायांच्या गेममध्ये शपथेचा बेलभंडार आणला. तो उचलून ज्याने तह केला, तो गेममधला किल्लेदार शब्द मोडेना. खेळणारे त्यालाच फसवून लुटू लागले, सैन्यांचा तोल बिघडला, आणि आज दुपारी बेलभंडार काढून टाकायचं ठरलं.

मृणालिनी चष्मा चढवून गेममधल्या गडावर गेली आणि किल्लेदार रायाजीला सगळं सांगितलं.

“म्हणजे दुपारपासून मलाही दगा देता येईल?”

“येईल.”

“वा, बाई! शपथ घ्यायला तुम्हीच शिकवलंत, आता मोडायलाही तुम्हीच शिकवा.” तो हसला. मग त्याने खालच्या पेठेकडे पाहिलं. “माझ्या शब्दावर ती चाळीस घरं दारं उघडी टाकून निजतात. कड्या लावा म्हणावं. मी आलो तरी उघडू नका. सांगाल एवढं?”

“सांगते, रायाजी. घरोघर जाऊन सांगते.”

दुपारच्या बदलात त्याच्यासारखीच पेठेतल्या लोकांचीही आठवण पुसली जाणार होती, हे तिने त्याला सांगितलं नाही. पदर खोचून ती गड उतरू लागली.