चार पायांचं

मनोहरदादाला विरारच्या फ्लॅटमध्ये भिंतीवर लावायला सांबराची शिंगं हवी होती. शिकारीला बंदी असली, तरी धाकट्या दिनेशला भावाचा शब्द मोडवेना.

रानात शिरण्याआधी दादाने राखणदाराच्या दगडापुढे नारळ ठेवला आणि बाबांसारखंच गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या रानातला मोठ्यातला मोठा सावज आज बंदुकीपुढे येऊंदे."

"व्हय म्हाराजा," दिनेश म्हणाला. खालच्या घळीतूनही कुणीतरी तेच म्हणालं.

"दादा, बाबा 'चार पायांचा' म्हणून सांगायचे. तू इसरलास."

"देवाला काय कळत नाय?" दादा हसला आणि बाबांची ठासणीची बंदूक घेऊन पऱ्ह्याच्या पाण्यापलीकडे दबा धरून बसला.

ऊन चढलं तसा दिनेश डबा बडवत, ओरडत रान उठवायला लागला. सांबर दादाच्या दिशेने पळायला हवं होतं, पण साधं पानही हललं नाही. तो दमून थांबला, तेव्हा पलीकडून, दादाच्याही मागून, दुसराच हाकारा सुरू झाला. डबे नाहीत, आरोळ्या नाहीत. नुसतं "व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा," शेपन्नास गळ्यांतून, एका सुरात, जवळजवळ येणारं.

करवंदीच्या जाळ्या मोडत दादा बाहेर आला. हात रिकामे, तोंडाला फेस. दिनेशने हाक मारली, पण भावाला न ओळखता तो तसाच पुढे पळाला.

हाकारा एकदम थांबला.

दिनेशच्या पाठीमागे, अगदी खांद्याजवळ, कुणीतरी बाबांच्या बंदुकीचा घोडा सावकाश मागे ओढला.