पेशंटची प्रकृती

कुमुदच्या तेराव्याची पानं वाढली, तरी आतल्या खोलीत अच्युत हुपरीकरचा लोखंड कातायचा लेथ चालूच होता.

"दाजी, आज तरी बंद करा की ते," मेहुणा श्रीधर म्हणाला.

"बंद केलं, की तुझी ताई गेल्याचं वीज कंपनीला कळेल."

भिंतीतलं सॉकेट कंपनीच्या ओळखीच्या यंत्रालाच वीज देत असे. नोकरी गेल्यावर अच्युतनं भंगारातून जुळवलेल्या लेथला अर्थातच कुणी ओळखत नव्हतं. कुमुदच्या ऑक्सिजनच्या मशीनला मात्र वीज मिळे, आणि ते चालू असेपर्यंत कंपनी पेशंटला जिवंत धरे. म्हणून ती गेल्यावर अच्युतनं त्या मशीनची पिन कापून लेथच्या पॉवर सप्लायला जोडली आणि प्रवाह तिच्या श्वासासारखा कमीजास्त होईल अशी सोय केली. लेथवर चार कामं आली. तेराव्याचा किराणा त्यातूनच भरला होता.

तेवढ्यात सॉकेट गोड आवाजात बोललं, "अभिनंदन! पेशंटचा श्वास आता सुरळीत आहे. मशीनची गरज उरलेली नाही. उद्यापासून वीज बंद होईल."

अच्युत पानावरून उठला. पॉवर सप्लायचं झाकण काढून तो आतला नॉब फिरवू लागला. लेथ अडखळला, मग धापा टाकू लागला. शेवटच्या दिवसांत कुमुदची अशीच धाप ऐकवत नाही म्हणून तो अंगणात जाऊन बसायचा.

श्रीधर खरकट्या हातानं दारात येऊन उभा राहिला. बराच वेळ त्यानं कान देऊन ऐकलं.

"अजून थोडी, दाजी," तो म्हणाला. "ताईला याहून जास्त लागायची."